चार वर्षांची मुदत

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं एक गाव आहे. ग्रीसमधल्या अथेन्सशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. गावाचं सगळं जगणं जॉर्जिया विद्यापीठाभोवती फिरतं आणि त्या विद्यापीठाला टेनिसचं वेड आहे. मे 2007 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय आंतरविद्यापीठ टेनिस स्पर्धा इथे भरली. सांघिक अंतिम सामना जॉर्जिया विरुद्ध इलिनॉय असा झाला. जॉर्जियाने तो 4-0 जिंकला आणि त्या मोसमातले आपले बत्तीसच्या बत्तीस सामने जिंकण्याचा पराक्रम पुरा केला. जॉर्जियाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता जॉन इस्नर, उंची सहा फूट दहा इंच. इलिनॉयकडून पहिल्या क्रमांकावर दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन खेळत होता, उंची सहा फूट आठ इंच.

त्यानंतर वैयक्तिक एकेरीची स्पर्धा झाली. तिच्या अंतिम फेरीत इस्नरसमोर उभा राहिला व्हर्जिनिया विद्यापीठाचा सोमदेव देववर्मन. गुवाहाटीत जन्मलेला, कोलकाता आणि चेन्नईत वाढलेला, उंची जेमतेम पाच फूट अकरा इंच. मैदान इस्नरचं, प्रेक्षक इस्नरचे, सर्व्हिसचा तोफखानाही इस्नरचाच. सामना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेला. टायब्रेक हा इस्नरचा हुकमी प्रांत, पण त्या दिवशी तिथे सोमदेव जिंकला. अमेरिकन विद्यापीठांचा एकेरीचा विजेता एक भारतीय मुलगा ठरला.

या तिघांची पुढची वाट पाहिली की कॉलेज टेनिस खेळाडूला काय देतं आणि काय देऊ शकत नाही, हे बरंचसं उलगडतं. 2007 मधल्या त्या निकालावरून भविष्य सांगायला बसलेला कोणीही ज्योतिषी सपशेल आपटला असता. इस्नर पुढे जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत गेला, अँडरसन पाचव्या. त्या दिवशी जिंकलेला सोमदेव बासष्टाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

पण मुळात हे खेळाडू कॉलेजात का गेले होते?

एके काळी हा प्रश्न कोणाला पडलाच नसता. आर्थर अॅश व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडचा. वर्णभेदामुळे तिथली गोऱ्यांची कोर्टं त्याला बंद होती. कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली, 1965 मध्ये तो विद्यापीठांचा विजेता झाला आणि 1968 मध्ये पहिली खुली यूएस ओपन त्याने जिंकली. तो तेव्हा हौशी खेळाडू म्हणून नोंदलेला होता, त्यामुळे विजेत्याचे 14,000 डॉलर मिळाले हरलेल्या टॉम ओकरला. अॅशच्या हाती पडला फक्त दिवसाचा खर्चभत्ता. त्याच यूसीएलएमधून जिमी कॉनर्स 1971 मध्ये विजेता झाला, स्टॅनफर्डमधून जॉन मॅकेन्रो 1978 मध्ये. हे दोघे मात्र कॉलेजात जेमतेम वर्षभर टिकले. मॅकेन्रो तर स्टॅनफर्डला जाण्याआधीच, 1977 मध्ये, विंबल्डनची उपांत्य फेरी खेळून आला होता.

मग 1985 साली सतरा वर्षांच्या बोरिस बेकरने विंबल्डन जिंकलं. 1989 मध्ये सतरा वर्षांच्याच मायकेल चँगने फ्रेंच ओपन जिंकली, 1990 मध्ये एकोणीस वर्षांच्या पीट सॅम्प्रसने यूएस ओपन. ज्या वयात मुलगा कॉलेजचा अर्ज भरतो त्या वयात ही मंडळी करंडक उचलत होती. साहजिकच कॉलेजची वाट धरणारा म्हणजे ज्याचं काही व्हायचं नाही तो, असा समज रूढ झाला. अपवाद होते. जॉर्जिया विद्यापीठाकडून 1984 आणि 1985 असा सलग दोनदा जिंकलेला स्वीडनचा मिकाएल पर्नफोर्स 1986 मध्ये थेट फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि इव्हान लेंडलकडून हरला. पण अपवादांनी समज मोडत नाहीत.

समज मोडला तो शरीराने आणि पैशाने. नव्या शतकात रॅकेटच्या तारा बदलल्या, रॅली लांबल्या, सामने अधिकाधिक दमछाक करणारे झाले. अठराव्या वर्षीचं शरीर तिशीतल्या माणसाच्या माऱ्यापुढे टिकेना. पहिल्या शंभरात पोहोचण्याचं वय पुढे सरकत गेलं. आता अठरा ते बावीस ही चार वर्षं घालवायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला.

व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे तेव्हाच्या फ्यूचर्स स्पर्धा. आता त्यांना एम 15 आणि एम 25 अशी कारखान्यातल्या सुट्या भागांसारखी नावं आहेत. सोमदेवच्या काळात यातल्या सगळ्यात छोट्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम 10,000 डॉलर असे, आणि ती एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाई. मुख्य फेरीतला पहिलाच सामना हरणाऱ्याच्या हाती शंभर डॉलरच्या आसपास पडत. त्यातून विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, तारा ओवणं, आणि परवडला तर प्रशिक्षक. बहुतेकांना प्रशिक्षक परवडतच नाही. मुलगा एकटा हिंडतो, एकटा हरतो आणि रात्री पुढच्या गावची गाडी शोधतो. चार वर्षं हे केल्यावर बहुतेकांकडे ना क्रमवारी असते ना पदवी.

कॉलेजमध्ये हाच मुलगा हरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोर्टवर, त्याच प्रशिक्षकासमोर येतो. फिजिओ आहे, व्यायामशाळा आहे, जेवण आहे, प्रवासाचा खर्च विद्यापीठाचा आहे. विद्यापीठाने ठरवलेला सराव आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा नियम आहे. अभ्यासात ठरावीक गुण पडले नाहीत तर संघाबाहेर बसावं लागतं. या सगळ्याचा अर्थ असा की अठराव्या वर्षी जो अजून तयार झालेला नाही, त्याला चार वर्षांची मुदत मिळते, आणि त्या मुदतीचं बिल दुसरं कोणीतरी भरतं.

दुसरं कोणीतरी म्हणजे बहुतांशी अमेरिकन फुटबॉल. मोठ्या विद्यापीठांचा क्रीडाविभाग फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवर चालतो, आणि टेनिसला त्यातला वाटा मिळतो. इथे एक गंमत आहे. 1972 च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलामुलींमध्ये भेदभाव करायला बंदी घातली. फुटबॉलच्या अवाढव्य संघांमुळे मुलांकडे शिष्यवृत्त्यांचा मोठा गठ्ठा जाई. तोल सांभाळण्यासाठी इतर खेळांत मुलींना झुकतं माप मिळालं. टेनिसमध्ये वरच्या गटातल्या विद्यापीठांना मुलींच्या संघासाठी आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. मुलांच्या अख्ख्या संघासाठी साडेचार. मग प्रशिक्षक या साडेचारांचे तुकडे करून एकाला पाऊण, एकाला अर्धी, एकाला पाव असं वाटप करत. 2025 पासून हे गणित बदललं. शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा काढून संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. त्याच वेळी काही विद्यापीठांनी खर्च वाचवण्यासाठी टेनिसचे संघच बंद करायला सुरुवात केली. जे नियमाने दिलं ते तिजोरीने काढून घेतलं, असं काही ठिकाणी होऊ लागलं आहे.

आता कॉलेजमधला सामना कसा होतो ते पाहू, कारण टीव्हीवर दिसणाऱ्या टेनिसशी त्याचं फारसं साम्य नाही. दोन विद्यापीठांचे संघ समोरासमोर येतात. आधी तीन दुहेरी लढती. त्यातल्या दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग सहा एकेरी लढती, प्रत्येकीला एक गुण. एकूण सात, म्हणजे चार गुण आधी मिळवेल तो संघ जिंकला. या सहा एकेरी लढती शेजारी शेजारी सहा कोर्टांवर एकाच वेळी चालतात. त्यामुळे तुम्ही तिसऱ्या कोर्टवर सर्व्हिस करायला चेंडू उडवता आणि पाचव्या कोर्टवर एकदम आरडाओरडा होतो. गुणफलक 3-3 असला तर उरलेल्या एका कोर्टाभोवती दोन्ही संघ आणि सगळे प्रेक्षक गोळा होतात. चौथ्या किंवा सहाव्या क्रमांकाच्या कुठल्याशा पोराच्या रॅकेटवर आख्ख्या विद्यापीठाचा मोसम टांगलेला असतो. विंबल्डनची शिस्तबद्ध शांतता इथे नाही. आपल्याकडे कबड्डीच्या सामन्याला जो गलका असतो, त्याच्या जवळ जाणारं हे वातावरण. प्रतिस्पर्ध्याला चिडवणं, त्याच्या दुहेरी चुकीवर टाळ्या पिटणं, सगळं चालतं.

एरवी टेनिस हा फार एकाकी खेळ आहे. व्यावसायिक दौऱ्यावर तुमच्या हरण्याने दुसऱ्या कोणाचंच काही बिघडत नाही. कॉलेजात तुमच्या हरण्याने सात-आठ मित्रांचा मोसम बुडू शकतो. असल्या दडपणाखाली वर्षाला तीस-चाळीस सामने खेळलेल्या मुलाला पुढे डेव्हिस चषकातला निर्णायक सेटचा टायब्रेक नवा वाटत नाही.

सोमदेव 2004 मध्ये व्हर्जिनियाला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. प्रशिक्षक ब्रायन बोलंड तिथला संघ नव्याने उभारत होते. सोमदेवकडे मोठी सर्व्हिस नव्हती, एका फटक्यात गुण संपवणारा फोरहँड नव्हता. पाय होते. बेसलाइनच्या मागून तो चेंडू परत करत राही, आणखी एक, आणखी एक, समोरचा कंटाळून चूक करेपर्यंत. 2006 मध्ये तो अंतिम फेरीत हरला. 2007 मध्ये इस्नरला हरवून जिंकला. मग वर्ष बाकी असताना कॉलेज सोडून व्यावसायिक व्हायचं की थांबायचं, हा प्रश्न आला. तो थांबला. शेवटच्या वर्षात एकेरीचे 45 सामने खेळला, 44 जिंकला आणि 2008 मध्ये पुन्हा विजेता झाला. सलग तीन वर्षं अंतिम फेरी आणि दोन विजेतेपदं ही शंभरहून अधिक वर्षांच्या या स्पर्धेतली फार दुर्मीळ कामगिरी आहे.

थांबण्याचा निर्णय बरोबर होता का? माझ्या मते होता, पण त्याची किंमतही होती. अंतिम फेरीत हरलेला इस्नर त्याच उन्हाळ्यात व्यावसायिक झाला. वॉशिंग्टनच्या स्पर्धेत त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी नसतानाही थेट प्रवेश, मिळालं. तिथे त्याने ओळीने पाच सामने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर जिंकले आणि थेट अंतिम फेरीत अँडी रॉडिकसमोर जाऊन उभा राहिला. तिथून यूएस ओपन. तिसऱ्या फेरीत रॉजर फेडररकडून पहिला सेट घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. चार महिन्यांत पोरगा घराघरात पोहोचला.

वाइल्ड कार्डाचं हे प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. विद्यापीठांचा विजेता अमेरिकन असेल तर त्याला यूएस ओपनच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश द्यायचा असा तेव्हा प्रघात होता. विजेता परदेशी असेल तर त्याचं कौतुक होई. अमेरिकन व्यवस्था परदेशी मुलाला चार वर्षं खाऊपिऊ घालते, शिकवते, पण स्वतःच्या घरातली मानाची जागा स्वतःच्या मुलांसाठी राखते. यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. प्रत्येक देश तेच करतो. सोमदेवलाही पुढे वाइल्ड कार्ड मिळालं, ते चेन्नईत.

2008 च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि लगेचच केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनची चॅलेंजर, म्हणजे फ्यूचर्सच्या वरच्या पायरीची, स्पर्धा जिंकला. जानेवारी 2009 मध्ये चेन्नई ओपनमध्ये, दोनशेच्या आसपास क्रमवारी असताना, त्याने जगात एके काळी पहिला असलेल्या कार्लोस मोयाला हरवलं, मग इव्हो कार्लोविचला. अंतिम फेरीत तो मारिन चिलिचकडून हरला. त्याच वर्षी पात्रता फेरीतून वर येऊन यूएस ओपनच्या मुख्य फेरीत पोहोचला. ज्या दारातून वाइल्ड कार्डाने आत जाता आलं नाही, तिथून तो तीन पात्रता सामने जिंकून गेला.

2010 हे त्याचं वर्ष. सप्टेंबरमध्ये चेन्नईला डेव्हिस चषकात भारत ब्राझीलविरुद्ध 0-2 असा मागे पडला होता. पेस-भूपती जोडीने दुहेरी जिंकली. मग सोमदेवसमोर आला थोमाझ बेलुची. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, चेन्नईच्या उन्हाने आणि सोमदेवच्या पायांनी मिळून बेलुचीचं काम केलं, आणि दुसऱ्या सेटमध्ये त्याने सामना सोडला. शेवटची लढत रोहन बोपण्णाने जिंकली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोमदेवला एकेरीचं सुवर्ण मिळालं. नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत उझबेकिस्तानच्या डेनिस इस्तोमिनला दोन सेटमध्ये सहज हरवून त्याने पुन्हा सुवर्ण घेतलं. पुरुष एकेरीत आशियाई सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय. दुहेरीतही सुवर्ण मिळालं, आणि जोडीदार होता सनम सिंग, तोसुद्धा व्हर्जिनिया विद्यापीठाचाच.

फेब्रुवारी 2011 मध्ये जोहान्सबर्गला एटीपी स्पर्धेची अंतिम फेरी झाली. सोमदेव विरुद्ध केविन अँडरसन. अथेन्समधल्या दोन जुन्या कॉलेजकुमारांचा हा सामना तीन सेट चालला आणि अँडरसनने आपल्या जन्मगावी तो जिंकला. दोघांनीही तोवर एटीपी स्पर्धा जिंकलेली नव्हती. त्या दिवसानंतर अँडरसनकडे एक झाली. सोमदेवकडे शेवटपर्यंत झाली नाही.

का नाही? इथे कॉलेज टेनिसची मर्यादा दिसते. कॉलेज मन घडवतं, शरीर घडवतं, हरण्याची सवय आणि जिंकण्याची शिस्त लावतं. उंची देत नाही. इस्नर आणि अँडरसन यांची सर्व्हिस दर सेटमध्ये त्यांना पाच-सहा गेम जवळजवळ फुकट देई. सोमदेवला प्रत्येक गुण धावून मिळवावा लागे. कॉलेजच्या पातळीवर पायांनी सर्व्हिसला हरवता येतं. वर्षाचे दहा महिने, आठवड्यामागून आठवडा, जगातल्या पहिल्या पन्नासांशी खेळताना पाय आधी थकतात. जुलै 2011 मध्ये तो बासष्टावा होता. मग उजव्या खांद्याने दगा दिला आणि 2012 चं बहुतेक वर्ष वाया गेलं. परतल्यावर 2013 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये येझी यानोविचविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून तो पाचव्या सेटमध्ये 5-7 असा हरला. त्याची सगळी कारकीर्द त्या एका गुणफलकात मावते, असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरं नाही. 2014 आणि 2015 मध्ये त्याने दिल्लीची चॅलेंजर स्पर्धा सलग दोनदा जिंकली. 1 जानेवारी 2017 रोजी, बत्तिशी गाठायच्या आधीच, त्याने निवृत्ती जाहीर केली. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली.

उरलेल्या दोघांची गाठ पडली 2018 च्या विंबल्डनला, उपांत्य फेरीत. पाचवा सेट 26-24. एकूण सहा तास छत्तीस मिनिटं. इस्नरला याची सवय होती. 2010 मध्ये याच विंबल्डनला त्याने निकोलस माहूविरुद्धचा पाचवा सेट 70-68 असा जिंकला होता, तीन दिवस चाललेल्या अकरा तास पाच मिनिटांच्या सामन्यात. या वेळी मात्र अँडरसन जिंकला आणि इतका दमला की अंतिम फेरीत जोकोविचपुढे पहिले दोन सेट त्याचे हातपाय हलेनात. पुढच्याच वर्षी विंबल्डनने पाचव्या सेटमध्ये 12-12 वर टायब्रेक आणला. अमेरिकन कॉलेजात वाढलेल्या दोन उंच माणसांनी दीडशे वर्षांच्या हट्टी स्पर्धेला नियम बदलायला लावला.

त्याच सुमारास चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्याला आली होती. बालेवाडीत 2018 मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा अँडरसन अंतिम फेरीत हरला. 2019 मध्ये पुन्हा आला आणि कार्लोविचला हरवून जिंकला. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. पुणेकरांना त्या आठवड्यात सर्व्हिसशिवाय फारसं काही पाहायला मिळालं नाही, अशी कुरकुर करायला जागा आहे.

या तिघांनंतर वाट मळली. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा कॅमेरॉन नॉरी 2021 मध्ये इंडियन वेल्स जिंकला. फ्लोरिडाचा बेन शेल्टन 2022 मध्ये विद्यापीठांचा विजेता होता, 2023 मध्ये यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत. व्हर्जिनियाची डॅनियल कॉलिन्स 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत, एमा नवारो 2024 च्या यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत. ऑक्टोबर 2025 मध्ये तर शांघाय मास्टर्सची अंतिम फेरी दोन मावसभावांत झाली, व्हालेंटाँ व्हाशरो आणि आर्थर रिंडरनेश, दोघेही टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे. व्हाशरो 204 व्या क्रमांकावरून पात्रता फेरीतून आला होता. जिंकलेली ती एक रक्कम त्याच्या तोवरच्या सगळ्या कमाईपेक्षा मोठी होती.

या टेक्सास ए अँड एमशी आपलाही एक धागा आहे. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले 2014 ते 2017 या काळात तिथेच खेळली. 2023 मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने जिंकलं. पहिला सेट 2-6 गमावून, निर्णायक टायब्रेक 10-4 असा घेऊन. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून पुढे आला आणि 2024 मध्ये अल्माटीला ऋत्विक बोल्लीपल्लीच्या साथीने त्याने एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. दहावी-बारावीला ‘शिक्षण की खेळ’ हा वाद ज्या घरांत होतो, तिथल्या आईबापांना आता ही नावं ठाऊक असतात.

ठाऊक नसतात ते नियम. अमेरिकन प्रशिक्षक कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या मुलाचा खेळ पाहायला येत नाही. तो पाहतो यूटीआर हा आकडा. कुठल्या पातळीच्या खेळाडूशी तुम्ही किती गेम जिंकलात, यावरून निघणारं 1 ते 16.5 या मापातलं हे मानांकन. सोळाव्या वर्षापासून ते चढतं ठेवावं लागतं आणि त्यासाठी आपल्यापेक्षा बलवान खेळाडूंच्या स्पर्धा शोधाव्या लागतात. बारा वर्षांखालच्या जिल्हा करंडकांचा तिथे काही उपयोग नाही. दुसरा नियम जास्त घातक आहे. टेनिसमध्ये शाळा, म्हणजे आपल्याकडे बारावी, संपल्यावर साधारण सहा महिन्यांत विद्यापीठात दाखल व्हावं लागतं. ‘एक वर्ष फ्यूचर्स खेळून बघू, नाही जमलं तर अमेरिकेला जाऊ’ म्हणून जो स्पर्धा खेळत राहतो, त्याच्या चार वर्षांतलं एक वर्ष कापलं जातं, आणि वर दाखल झाल्यावर पहिलं वर्ष संघाबाहेर बसावं लागतं, ते वेगळंच.